अवतरणचिन्हं

मालाडला, खाडीच्या अंगाला, सातव्या मजल्यावर
रात्री अकरा ते सकाळी आठ
मी मराठी वाचते.
शेजारच्या खुर्चीत तमिळ, पलीकडे ओडिया,
आणि एसी असा की मे महिन्यातही स्वेटर.

एका मजकुराला चौदा सेकंद.
ठेवा. काढा. वर पाठवा.

सुरुवातीला वाटलेलं, सोपं आहे,
शिवी दिसली की काढायची.
शिव्यांचं मला काय कौतुक,
आमच्या नळावर शिवीशिवाय हंडा भरत नसे.
मग हळूहळू कळलं,
खरं विष कालवणारे शिवी देतच नाहीत.
ते ‘पाहुणे’ म्हणतात.
‘पाहुण्यांनी आता मुक्काम हलवावा’
आणि खाली जोगेश्वरीतल्या एका बेकरीचा फोटो,
शटरवरचा फोन नंबर वाचता येईल एवढा जवळून.
एकही शब्द यादीत नाही.
यंत्र म्हणतं, स्वच्छ.

आणि दोन वाजून वीस मिनिटांनी
जुबेदा परकार.
पालकांच्या ग्रुपवर आज मला म्हणाले, असं लिहून
पुढे तो शब्द. जसाच्या तसा.
मग: माझा आजा दाभोळच्या धक्क्यावर
सुरमई मराठीत मोजायचा.
आम्ही भांडतो पण मराठीत, रडतो पण.
मी जाऊ खंय?
यंत्रानं तिला लाल केलंय.
शब्द यादीत आहे ना.

बाई, अवतरणचिन्हं घालायचीत हो.
पण गालावर वळ उठलेला माणूस
विरामचिन्हं कुठे शोधत बसणार?
मीच मनातल्या मनात घातली,
एक अलीकडे, एक पलीकडे.
ठेवा.

निमिष नावाचा कुणी पोरगा, सहाशे बारा तक्रारी.
‘बाप्पा उधारीवर, अध्यक्षांची गाडी नवी.’
माझे वडील वीस वर्षं मंडळाचे खजिनदार,
पावतीपुस्तक उशाशी घेऊन झोपायचे.
लागलं मला. चांगलंच लागलं.
नऊ सेकंद लागतच राहिलं.
पण त्यानं कुणाचं दार दाखवलं नव्हतं,
कुणाला चालतं व्हा म्हटलं नव्हतं.
माझं दुखणं माझ्यापाशी.
ठेवा.

‘पाहुणे’ मात्र वर पाठवलं.
कारण इंग्रजीत लिहायचं, दोन ओळींत.
गेस्ट लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल
चहा ठेवलाय.
उत्तर आलं: उल्लंघन आढळले नाही.
पुन्हा पाठवलं.
पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा पाठवताना पाळी संपली.

सकाळी रिक्षात फोन उघडला.
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर
चुरीकाकांनी तोच फोटो टाकलेला,
खाली सात अंगठे.
चुरीकाका, बाबा गेले तेव्हा
रात्रभर आमच्या जिन्यात बसून होते.
इथे मला बटणं नाहीत.
आणि असती, तरी
काकांना काढून टाकून मी कुठे ठेवणार होते?

लिहिलं: काका, ही इक्बालभाईंची बेकरी.
रविवारचा ब्रून तुम्ही इथूनच आणता.
पुसलं. परत लिहिलं.
रिक्षा लिंक रोडला अडकली,
चौदा सेकंद केव्हाच उलटून गेले होते.
पाठवलं.

चुरीकाका टाइप करताहेत.
थांबले.
परत टाइप करताहेत.