नंतर आठवण करून द्या

जेल रोडला तिसऱ्या मजल्यावर
गांगुर्डेकाकांचा संगणक चार वर्षं एकच विचारत होता:
अपडेट तयार आहे, आत्ता करू?
आणि काका चार वर्षं एकच दाबत होते:
नंतर आठवण करून द्या.

कीबोर्डवर एकलहऱ्याकडची बारीक राख,
फक्त एन्टरची कळ लख्ख.

"व्हायरस असेल," काका म्हणाले, सर्दी म्हणावी तसं.
नाही हो. ब्राउझर जुना, अँटिव्हायरस संपलेला,
बँकेचं पान उघडत नाही ते त्यामुळे.
"मग घेऊ या की नवीन."
मी बटणाकडे गेले. त्यांनी माझं मनगट धरलं नाही,
पण धरल्यासारखा आवाज केला.

मग एक फोल्डर दाखवलं.
एकशे चौदा फायली, काकूंच्या हातच्या.
भिशीचा हिशोब: अकरा बायका, पाचशे पाचशे.
आणि हिशोबाखाली, कुणी न विचारलेलं:
या खेपेला मंदाताईंचा नंबर. त्या रडल्या. मी कारण विचारलं नाही.
चहा शकुंतलेकडे. साखर फार.

फॉन्ट जुना.
नव्या सिस्टिमवर काय होतं ते सिन्नर फाट्यावरच्या एका पोराने
काकांना उघडून दाखवलं होतं:
मंदाताईंच्या जागी डॉलर, कंस, उलटं प्रश्नचिन्ह.
"हिची अक्षरं अशी झाली तर," एवढं बोलून
काका चहा ठेवायला आत गेले.

अक्षरं बदलून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर असतं, फुकट.
शोधलं. पान उघडलं.
पानावर पाच हिरवी बटणं, पाचांवर डाउनलोड.

कपबशी तशीच हातात घेऊन काका पुढे वाकले.
एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये ताव तपासलेला माणूस,
नाक स्क्रीनपासून वीतभर.
"ही नको, हिची कड फार गुळगुळीत.
ही लुकलुकतेय.
हिला घाई झालीय, खऱ्याला घाई नसते.
ही उगाच मोठी. आणि ही तिचीच बहीण."
मग खाली कोपऱ्यात, करडी, बारीक, एक साधी ओळ:
"ही. हिला कुणी बघावं असं वाटत नाहीये."
मी पत्ता तपासला. तीच होती.

आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं, दोनदा.
एक त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं.

मग अपडेट. सात टक्के.
सात टक्के.
खाली मेथीवाला ओरडत गेला, ओरडत परत आला.
अठरा.
"एवढ्या वेळात आम्ही प्रेसमध्ये," काका म्हणाले,
आणि आकडा गिळला. जुनी सवय.
बासष्टला दिवे मिचकले.
आम्ही दोघांनी एकदमच पंख्याकडे पाहिलं.
फिरत होता.

साडेपाचला स्क्रीन उजळली, कोऱ्या पाटीसारखी.
पहिली फाइल उघडली. मंदाताई आल्या.
अकराच्या अकरा आल्या.
फक्त ळ कुठेच नव्हता.
वेळ, गूळ, काळजी, प्रत्येकात
एक रिकामी चौकट.

एका झटक्यात भरता येतील, मी म्हटलं, दहा सेकंद.
काका कितीतरी वेळ त्या चौकटींकडे बघत राहिले.
"एक रेघ हलली तरी अख्खा ताव बाजूला काढायचो आम्ही."
मग म्हणाले, "राहू दे. मी भरीन, एकेक.
ळची कळ कुठली, तेवढं सांगून जा."

शिफ्ट दाबून धरायचं, मग एन.

पाचशेची नोट देताना त्यांनी ती आधी
खिडकीच्या उजेडात धरली, माझ्यासमोरच, न लाजता.

मी जिना उतरत होते.
वर एक कळ वाजली.
बराच वेळ काही नाही.
मग एक कळ.