कुंडी नंबर चार

साडेदहाला मधली सुट्टी संपते
आणि माझी हजेरी सुरू होते.
मुलांची नावं मी फरशीवरून वाचते.

ही ब्रेडची कड : सहावी क, खिडकीजवळचा.
कडा खाल्ल्या तर दाढी येते,
असं त्याला कुणीतरी सांगितलंय.
हे ठेपल्याचे चतकोर हीरचे.
ठेपले ती आणतेच मुळी बदली करायला.
जॉयलिनच्या डब्यातले फुगे
जूनपासून हीरच्या पोटात जातात,
आणि फुग्यांत अंडं असतं,
हे मुलुंडात फक्त तिघींना माहीत आहे.

पाकिटं मात्र बिननावाची.
मोठ्या बाईंनी बंदी घातली तेव्हापासून
ती मोज्यात येतात, कंपासपेटीत येतात,
एकदा तर चित्रकलेच्या वहीत चपटी होऊन आली.
कॅन्टीनचा समोसा चालतो.
पंधरा रुपये. कागदातून पलीकडचं दिसतं.
कॅन्टीन शाळेचंच आहे.

आहाराच्या मॅडम आल्या होत्या पार्ल्याहून.
पडद्यावर ताट : अर्ध्यात भाजी, पावात डाळ.
मी मागे उभी, वायर धरून.
वायर सैल होती,
माझा हात हलला की ताट विझायचं.
घरी सगळे एकत्र जेवता ना, त्यांनी विचारलं.
चाळीस हात वर.
कुणाचे खोटे, मला ठाऊक होतं.
मी दोन्ही हातांनी वायर धरली होती, बरंच झालं.

आमच्या टेकडीवर पाणी साडेचारला येतं.
हंडे की भाकरी, एकच काहीतरी होतं.
सुजल झोपेत. उशाशी दहाची नोट.
भांडुपची ती उतरण उतरताना सात दुकानं,
सातही दुकानांत चकाकत्या माळा लोंबतात.
केळेवाला एकच, तोही रिक्षास्टँडच्या पलीकडे.
दहा रुपयांत दोन पाकिटं, आत स्टिकर.
दहा रुपयांत एक केळं, आत केळं.
आता तूच सांग, तो म्हणतो.

यज्ञेश वाघधरे, सातवी अ.
रोज कोशिंबीर. रोज कुंडी नंबर चार.
बोटाने खड्डा, टोमॅटो आत, माती वर,
दप्तराच्या पट्ट्याला हात पुसून वर्गात.
आई पाचला उठून चिरते हे त्याला माहीत आहे,
म्हणून तर पुरतो. फेकत नाही.
मी पाहिलं, बोलले नाही.

सप्टेंबरात क्रोटनच्या बुडाशी
केसाळ, हिरवं काहीतरी उठलं.
माळी उपटायला आला.
राहू दे, मी म्हटलं, सातवीचा प्रयोग आहे.

दिवाळीनंतर तीन धरले, गोटीएवढे.
यज्ञेश येतो, वाकून बघतो, डबा उघडतच नाही.
परवा एक लाल झाला.
त्याने तोडला, हुंगला, शर्टाला घासला,
आता खातो म्हणते मी,
तर सरळ माझ्या हातात.
मावशी, तुम्हाला.

पदराच्या गाठीत बांधून घरी नेला.
एवढासा, सुजल हसला.
त्याने पाकीट फोडलं, शेव पसरली,
त्यावर चार फोडी मांडल्या,
हॉटेलात मांडतात तशा,
आणि मला न विचारता एक माझ्यापुढे सरकवली.

मग बोटं चाटली.
करंगळीला एक बी चिकटलं होतं.
खिडकीतून हात काढून झटकलं त्याने.

खिडकीखाली आमच्या माती नाही.
शेजाऱ्यांचा पत्रा आहे.