तिसरा हापा

रात्री अडीचला लाईट गेली तेव्हा
मी टॉर्च दातांत धरून
तिसऱ्या हाप्यातलं पाणी बशीत घेत होते.

दुसरी रात्र. पहिल्या दोन हाप्यांत
जिऱ्याएवढ्या जिवांची नुसती वळवळ,
उजेड पडला की पळापळ.
तिसऱ्यातली तळाशी.
शेपटी एका अंगाला, विळ्यासारखी.
एक भिंगाखाली धरलं:
काळजाभोवती पाणी साचलेलं
आणि आतल्या आत ते
ठोका, मग थांब, मग ठोका.
मी माझ्या मनगटावर बोट ठेवलं, उगाचच.

पाणी तर तिन्ही हाप्यांना एकच,
एकाच टाकीचं.
लोह्याच्या बीज केंद्राच्या वहीत
सकाळीच लिहिलंय माझ्या हातानं:
तापमान सत्तावीस, प्राणवायू ठीक,
रंग नाही, वास नाही.

धुरपता पायरीवर तंबाखू मळत होती.
नर-मादी तीच आणते, टमटममध्ये, ड्रम भरून.
पहिल्या दोन जोड्या लिंबोटीच्या धरणातल्या.
ही तिसरी कुठली गं?
"ती व्हय? ट्रकअड्ड्याचा नाला गंगेला मिळतो बघा,
त्याच्या खालच्या डोहातली.
अंगानं कशी तुकतुकीत होती!
मासा बक्कळ हाय तिथं.
जाळं तेवढं काळं होतं,
हात रॉकेलनं धुवावे लागतात."

खरंच, आजारी नव्हती मादी.
इंजेक्शन मीच टोचलं,
पोट हाताला मऊ लागलं, भरलेलं.
इथं ती एकच रात्र राहिली.
पण लेकराच्या पोटाशी बांधलेली शिदोरी
तिनं तिकडंच रांधली होती,
घरात होतं त्यात.
पिवळा एवढासा थेंब.
त्यात काय काय उतरलं,
तिला तरी कुठं ठाऊक.

नराचं कुणी विचारत नाही.
तोही त्याच डोहातला.

माझे वडील देगलूर नाक्यावर ट्रक खोलायचे.
जेवायला बसले की भाकरीवर बोटांचे ठसे,
साबणाला न जुमानणारे.
मी ठसे नसलेली कड तोडून घ्यायचे
आणि त्यांना ते दिसायचं.
इंजिनाचं जळकं तेल सगळेच गटारीत ओतायचे,
तेही ओतायचे, डबा उपडा करून झटकायचे.
'पाणी थांबतंय व्हय,' म्हणायचे, 'जातंय की पुढं.'

वहीत रकाने सात.
सातवा, मरतुकीचं कारण.
साहेब म्हणतात, बुरशी लिहा,
बुरशीला कुणी प्रश्न विचारत नाही.
माहेरचा रकाना नाही.
मी समासात पेन्सिलनं लिहिलं:
नाल्याखालचा डोह. दोघंही.
अक्षर बारीक आलं, माझं नसल्यासारखं.

धुरपता उठून बशीत डोकावली.
बराच वेळ बघत राहिली.
"ह्यातलं एखांदं जगलं, मोठं झालं,
तर त्याची पिल्लं?"

माहीत नाही, म्हटलं.
ती म्हणाली, "टॉर्च बंद कर, सेल उतरतील."

अंधारात बशी हातात तशीच.
चारला लाईट आली, पंप धडधडला,
आणि तिन्ही हाप्यांत सारखंच
स्वच्छ पाणी पडू लागलं.