शेरा

खोला गावच्या उतारावर बारा वाफे, चहूकडे निळी दोरी.
मिरचीच्या दोन ओळी, मधे आळसांद्याची एक.
"पावसांत आळसांदो?" म्हणून वाड्यावर
आठवडाभर हसले लोक.
मीही हसले असते,
पण मंजुरीचं पत्र माझ्याच सहीने मागवलेलं होतं.

पद्धत सोपी आहे.
अर्ध्या मीटरची लोखंडी चौकट
डोळे मिटून खांद्यावरून मागे फेकायची.
पडेल तिथलं तण मोजायचं, उपटायचं,
मुळांची तांबडी माती धुवायची,
खाकी पाकिटात घालून
सत्तर अंशांवर वाळवायचं, जोखायचं.
ज्या वाफ्यात वजन कमी
तो वाफा जिंकला.

पंचविसावा दिवस. पंचेचाळिसावा.
केना, लव्हाळा, ओसाडी, टाकळा,
आणि पिवळ्या फुलाचं एक,
ज्याचं लॅटिन नाव मी तीनदा खोडून लिहिलं.

वाफा चार तुलनेसाठी.
तिथे काहीच करायचं नाही,
ना निंदणी, ना फवारा, ना आळसांदा.
तिथे तण गुडघ्याला लागायला हवं.
नेमका तिथेच आकडा घसरला.
टाकळा : शून्य.
आणि दोरीपलीकडे, हातभर अंतरावर
टाकळाच टाकळा.

काटा तपासला. भट्टी तपासली.
गव्यांवर संशय घेतला, खुरं सापडली नाहीत.
मग एका सकाळी काणकोणहून सातची बस धरली.

डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन
शेवंती वेळीप वाफा चारमध्ये ओणवी होती.
वाफा एक निंदायची रोजंदारी तिला मीच देते.
नखाने नुसते शेंडे खुडत होती,
ओटा अर्धा भरला होता.

"शेवंती, हा वाफा निंदायचा नाही, सांगितलं होतं ना?"
"हांवें निंदूंक ना गो," ती म्हणाली,
"हें तण न्हय. हो तायकिळो.
तण म्हटल्यार तें."
आणि पल्याडच्या वाफ्यात
पानांवर मावा घेऊन मुकाट भिजणाऱ्या
माझ्या आळसांद्याकडे बोट केलं.

'नको तिथे उगवलेली वनस्पती म्हणजे तण.'
दोन गुणांचं उत्तर, दोन्ही मिळाले होते.
त्या वाक्यात कर्ता नाही
हे चिखलात उभं असताना दिसलं.

दुपारी तिच्या ओसरीवर जेवले.
फणसाच्या आठळ्या, वर ओलं खोबरं,
गेल्या सालच्या मिरचीचा लाल ओघळ,
आणि वाफा चारचा नमुना,
ओल्या वजनाची नोंद नसलेला.
दुसऱ्यांदा वाढून घेतला.
"हिरवें आसतना खावचें," ती म्हणाली,
"तूं सुकोवन जोखता कित्याक?"
मी सांगायला सुरुवात केली,
घास तोंडात होता, राहून गेलं.

हरवलेल्या आकड्यासाठी सूत्र असतं.
शेजारच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून
नसलेलं तण काढता येतं.
मी काढलं : चौकटीमागे एक्केचाळीस ग्रॅम, कोरडं.
तक्ता भरला.

उजव्या कडेला चार बोटं रुंद रकाना असतो, 'शेरा'.
त्यात लिहायची वाक्यं ठरलेली.
पाण्याने वाहून गेले. गुरांनी खाल्ले.
मी लिहिलं, गुरांनी खाल्ले.
मग 'गुरांनी' खोडलं.
उरलं तेवढंच राहू दिलं.
वर पाठवलं, तिथून काही विचारणा झाली नाही.

आळसांदा, सांगायचं राहिलं, हरला.

पुढच्या पावसात शेवंतीने दोरीशी थांबून विचारलं,
औंदा कुठला टाकळा तुझा नि कुठला माझा?
मी पिशवीतून नकाशा काढला, उलगडला.
तो ओला होऊन चिकटला होता.
ती वाट बघत उभी राहिली,
मग वाकली.