पान नऊ, पान चौदा

गोड्या पाण्यातल्या माशांची खोली तळघरात आहे.
वर फोर्टात ऊन; इथं जिन्यातच
स्पिरिटचा वास भेटतो.

चिमट्याच्या टोकानं मी मिशा मोजतो.
नाकपुडीशी दोन, वरच्या जबड्याला दोन,
हनुवटीखाली चार.
आठ. म्हणजे शिवडा नव्हे, त्याला चारच.

ओळखवहीत प्रत्येक पानावर दोनच वाटा:
मेदपर लांब, पाठीच्या पराला जवळजवळ भिडलेला
तर पान नऊ.
आखूड, मध्ये पाठ मोकळी
तर पान चौदा.
छातीवर चुण्यांची गादी, वाहत्या पाण्यात दगड धरून ठेवणारी,
तर सरळ पान बावीस.

बोटभर मासे. खवलं एकाच्याही अंगावर नाहीत.

यशोदा वैती बाटल्यांत स्पिरिट भरते.
तिची रीत वेगळी.
ठणका कोपरापर्यंत गेला तर एक शिंगटी,
खांद्यापर्यंत गेला तर दुसरी.
"आन् एक हातात धरली का नुसती कुरकुरते."
कुरकुर मी नोंदवत नाही.
मेल्यावर उरत नाही ते लक्षण
वहीत धरत नाहीत.

बाटली चारशे सतरा.
काळ्या शाईत: दहिसर नदी, पुलाखाली, १९३८.
मेदपर लांब म्हणावा तर आखूड.
डोक्यामागचं हाड पाठीच्या पराला टेकलंय म्हणावं
तर मध्ये केसभर फट.
नऊवरून चौदा, चौदावरून नऊ.
चहावर साय धरली.

"जात लागत नाय?"
"नाही."
"मग परत धाडणार?"
"कुठं?"

ती हसली नाही.
हर्षलच्या दाखल्याचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय.
कोळी, हे साहेबाला मान्य.
कोणते कोळी, त्याला पणजोबाचा कागद हवा.
"पणज्याकडं जालं होतं," ती म्हणाली,
"ते कुजलं."

मी चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं: मिस्टस,
आणि पुढं प्रश्नचिन्ह.
पेन्सिल स्पिरिटमध्ये जात नाही.

तिनं बाटली काठोकाठ भरली, झाकण फिरवलं,
दिव्यासमोर धरली.
"काटा बगा."

छातीच्या पराचा काटा आडवा ताणलेला,
मुळाशी खिट्टी बसलेली.
कुणाच्या तरी मुठीत, पुलाखाली,
त्यानं ती लावली असणार.
अजून सोडलेली नाही.