आसंय

चार वाजून सात मिनिटं. देवगड बंदर.
पहिल्या ट्रॉलरचं पापलेट अजून टोपलीत पडायचंय
आणि लिलावाच्या खिडकीवरून कुबलांचा फोन :
"परत गेलां गो तुझां तां."

गेलं म्हणजे, पहिली बोली पडद्याने घेतली नाही.
दुसरी नाही. तिसरी, चौथीही नाही.
पाचवीपासून असं सुरळीत, की जसं काही घडलंच नव्हतं
आणि पहिले चार व्यापारी माझ्या नावाने बोटं मोडतायत.

लॉगमध्ये नऊ दिवस तीच ओळ :
सर्व्हरने जोडणी अनपेक्षितपणे तोडली.
मी डेटाबेसची वही उघडली.
तोडल्याची नोंद नाही. उलट त्याचीच तक्रार,
समोरचा न सांगता उठून गेला.
दोघेही शपथेवर. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून.

मर्यादा वाढवल्या. मेमरी वाढवली.
आवृत्ती बदलली, केबल बदलली,
खाऱ्या हवेवर खापर फोडलं, इथे सगळ्याचं फोडतात.
बर्फ कारखान्याचा मॅनेजर जिन्यात अडवून म्हणाला,
गाऱ्हाणं घालून बघा एकदा.
मी हसले. नारळाची किंमत मात्र विचारून ठेवली.

पूलर म्हणजे काय, हे कुबलांना मी होड्यांत सांगितलेलं :
ट्रॉलर उभे खोल पाण्यात, मासळी किनाऱ्याला आणणार होड्या.
ज्याने त्याने आपली होडी बाळगायची नाही,
मोकळी दिसेल ती घ्यायची, काम झालं की सोडायची.
"आणि दुपारी?"
दुपारी गर्दी नसते. चारच ठेवतो, बांधून, तयार.
कुबलांनी तंबाखू मळली.
"दोरी कोण बघता मगे?"

तेव्हा कळलं नाही.
रात्री भाकरी थापताना हात थांबला.
चार होड्या. चार बोल्या.

रविवारी लिलाव नव्हता.
एक जोडणी उघडली आणि घड्याळ घेऊन गप्प बसले.
चार मिनिटं गप्प, मग विचारलं : उत्तर आलं.
पाच मिनिटं : आलं.
सहा मिनिटं :

मधे एक डबा आहे. आधीच्या कमिटीने
सुरक्षेसाठी घेतलेला, माळ्यावर, जाळ्यांच्या ढिगामागे.
सहा मिनिटांच्या आत कुणी बोललं नाही
की तो दोघांनाही विसरतो.
तोडत नाही. तोडायला निदान हात लागतो.
विसरतो, आणि सांगत नाही,
आणि या बाजूला वाटतं दोरी आहे
आणि त्या बाजूला वाटतं दोरी आहे.

त्याच दुपारी खाली सोसायटीचा वायरलेस चालू होता.
भिवा तारींच्या पोरांची बोट, बारा वाव पाण्यात, जाळं रिकामं.
सांगण्यासारखं काही नाही.
तरी मधूनमधून खरखर, आणि एक आवाज :
"आसंय."
थोड्या वेळाने दुसऱ्या बोटीवरून :
"आसंय."
परत समुद्र.

मी वर जाऊन एक ओळ लिहिली.
दर साठ सेकंदांनी एक रिकामा निरोप,
ज्यात काही नसतं,
पोचला एवढंच.

सोमवारी चार वाजून सात मिनिटं. फोन नाही.
दहा. बारा.
सव्वाचारला मीच लावला.
"काय झालां?" कुबल ओरडले, मागे सुरमई अकराशेवर होती.
काही नाही म्हटलं, चाललंय ना?
"चल्लाहा. मगे फोन कित्याक?"
असाच.
"बरां. ठेवतंय," म्हणाले, आणि फोन टेबलावर ठेवला,
कट करायचा राहिला.
मी सांगितलं नाही.
बारीक कोळंबी, मग बांगडा, मग कुणाशी तरी वजनावरून भांडण,
सात-आठ मिनिटं ऐकत बसले.