कमरेला पाणी

नऊ वाजून सात मिनिटं.
बाजार अजून उघडायचाय,
आणि निर्देशांक आधीच
अंधारात पायरी चुकल्यासारखा खाली आलेला.
रात्री परदेशात काहीतरी झालंय.
काय झालं ते मी वाचत नाही.
कारण कळेपर्यंत किंमत निघून जाते.

इंदिरानगर, दुसरा मजला.
नवरा सातपूरच्या कंपनीच्या बसमध्ये,
ओट्यावर अर्धी निवडलेली कोथिंबीर,
फोनवर फिरोज मणियार: ‘हेमाताई, व्हिक्स सव्वीस. आज हात लावू नका.’
मी म्हणते, बघते फक्त.
बघणारी माणसं लॉगिन करत नाहीत, हे त्यालाही माहीत आहे.

भांडीबाजारात आमचं पितळेचं दुकान होतं.
धरणातून पाणी सोडलं की अण्णा मला पिटाळत,
‘गंगेवर जा, दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघून ये.’
मी धावत जायची, धावत यायची, आकडा एका शब्दात.
घोट्याला, तर अण्णा चहा सांगत.
गुडघ्याला, तर खालच्या फळीवरचे तांबे वर.
कमरेला म्हटलं की उठलेच.
गिऱ्हाईक दारात असलं, हंड्याचा भाव ठरत आला असला, तरी
सगळं माडीवर.
दोनदा पाणी कमरेवरून परत गेलं.
समोरचे शेवाळे हसले, हमालांनी दुप्पट घेतले,
अण्णा पाठीला बाम लावून गप्प.
तिसऱ्या वेळी शेवाळ्यांची पातेली
टाळकुटेश्वराच्या पुलाखालून एकात एक अडकून गेली.
तेव्हाही अण्णा हसले नाहीत.

साडेदहा. इतकं पडलंय, आता उठेल.
कॉल घेतला. चार लॉट.
एकशे दहाला घेतला, नव्वदला काढायचा,
वहीत लिहिलंय, तारखेसह, माझ्याच अक्षरात.
ब्याण्णव.
एक्क्याण्णव.
आणि मी बोटाने ती रेघ धरली, खाली ओढली. ऐंशी.
मग सत्तर.
किती हलकी असते रेघ. हमाल लागत नाही.
पाणी कमरेलाच दिसावं म्हणून
मी मारुतीलाच उचलून
वरच्या पायरीवर ठेवत होते.

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
तेवीसला विकून टाकलं.
दोन चाळीसला बाजार वळला,
अगदी मी म्हटलं होतं तसा,
माझ्या शेवाळ्यांसारखा हसत, मला वगळून.
डाळ करपलेली. ती मी खाल्ली. तो हिशोब तरी बरोबर जुळला.

संध्याकाळी स्कूटर रामकुंडाकडे कशी वळली, सांगता येणार नाही.
मार्चची गंगा, गुडघाभरसुद्धा नाही.
मारुतीपाशी कुणाचा तरी टॉवेल वाळत पडलेला,
एक पोरगा चिप्सच्या पुडीत पाणी भरून दुसऱ्यावर ओततोय.
याला दोन तोंडं. एक येणाऱ्या पाण्याकडे,
एक गेलेल्या.
मला एकच, आणि ते दिवसभर स्क्रीनकडे.

पूर नसताना इतक्या जवळ मी कधी आलेच नव्हते.
लहानपणी पुलावरून बघायचं, वळायचं, पळायचं.
आज शेजारी उभी राहिले,
हात वर करून पाहिलं.
त्याच्या कमरेपर्यंत पोचायला
मला टाचा उचलाव्या लागल्या.

म्हणजे त्याला कमरेला लागतं तेव्हा
मी केव्हाच बुडालेली असते.
अण्णांचं दुकान चढावर होतं.
हे त्यांनी कधी सांगितलं नाही,
मीही कधी विचारलं नाही.

फोन वाजला. फिरोज.
‘बघत होतात ना फक्त?’
मी म्हटलं, गंगेवर आहे.
तो जरा थांबला.
‘कुठवर आलंय?’